कालव्यातील देवमासा

बेल्जियममधील ब्रुग्ज हे नगर कालव्यांसाठी प्रसिद्ध आहे. मध्ययुगात समुद्रमार्गे आलेला माल या कालव्यांतून थेट पेठेपर्यंत येत असे. पुढे समुद्राकडील खाडी गाळाने भरली व बंदराचे वैभव ओसरले. सन २०१८ मध्ये मात्र येथील यान व्हान आयक चौकालगतच्या कालव्यातून एक प्रचंड देवमासा उसळी घेताना लोकांना दिसला. त्याची उंची सुमारे १२ मीटर होती. जवळून पाहणाऱ्यास आढळे की, त्याची कातडी निळ्यापांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाकाऊ वस्तूंची आहे.

दर तीन वर्षांनी भरणाऱ्या तेथील कलामहोत्सवासाठी न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी जेसन क्लिमॉस्की व लेस्ली चँग यांनी हे शिल्प घडविले. त्यासाठी लागलेले सुमारे ५ टन प्लॅस्टिक हवाई बेटांच्या किनाऱ्यांवरून गोळा करण्यात आले होते. ही बेटे महासागराच्या मध्यभागी असताना तेथे इतका कचरा कोठून यावा? उत्तर प्रशांत महासागरातील प्रवाह विशाल वर्तुळात फिरत असतात. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ही प्लॅस्टिके पाण्याहून हलकी असल्याने नद्यांतून वा जहाजांवरून समुद्रात पडलेल्या त्यांच्या वस्तू या प्रवाहांबरोबर दूरवर तरंगत जातात आणि वाटेतील बेटांवर येऊन पडतात.

किनाऱ्यावर न लागलेले प्लॅस्टिक लाकडाप्रमाणे कुजत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, वस्तू ठिसूळ होते आणि लाटांच्या माऱ्याने तिचे तुकडे होत जातात. ५ मिलिमीटरहून लहान कणांस सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. ते पाण्यातून वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते. मासे व पक्षी मात्र ते अन्नासमवेत गिळतात. वस्तू ओळखू येते तो काळ, म्हणजे, त्या मानाने थोडाच. शिल्पकारांनी नेमकी तीच अवस्था पकडून ठेविली. पाहणाऱ्यास देवमाशाच्या अंगावर आपल्याच घरातील वस्तूसारखी वस्तू ओळखता येई.

समुद्र स्वच्छ करण्याचा हा उपाय नव्हे, हे उघड आहे. सन २०१५ च्या सुमारास समुद्रांत १५ कोटी टन प्लॅस्टिक साचल्याचा अंदाज मांडला गेला होता. त्यापुढे ५ टन म्हणजे काहीच नव्हे. शिवाय हवाईचा कचरा युरोपात न्यावयाचा तर इंधनही जळणारच. तथापि दूरच्या महासागरातील कचरा नगराच्या भर चौकात आणून उभा करण्याचे काम आकड्यांना साधले नव्हते. पुढे सन २०१९ मध्ये हा देवमासा नेदरलँड्समधील उट्रेख्ट नगराच्या कालव्यात नेण्यात आला.