घामाबरोबर सुटणारी खाज : घामोळे नव्हे, पित्त

बंगळुरूच्या दक्षिणेस, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या आनेकलची हवा सौम्य असते. तेथे दिवसभर बैठे काम करणाऱ्यास घाम क्वचितच येतो. अशी व्यक्ती एखाद्या सकाळी धावू लागली, की काही मिनिटांतच छाती, मान आणि दंडांवर सुया टोचल्यासारखी खाज सुटू शकते. घाम न येणाऱ्यांना हा त्रास थंडीत अधिक जाणवतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल.

अमेरिकी वैद्य विल्यम ड्यूक यांनी १९२४ मध्ये वर्णिलेला हा विकार 'कोलिनर्जिक अर्टिकेरिया' या नावाने ओळखला जातो. शरीराचे तापमान वाढताच घर्मग्रंथींना चेतवण्यासाठी मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलीन स्रवते. त्याच सुमारास त्वचेतील पेशी हिस्टामिन सोडतात आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठतात. काहींना स्वतःच्याच घामाची ॲलर्जी असल्याचेही आढळले आहे. गरम पाण्याचे स्नान, तिखट जेवण किंवा मानसिक ताण यांनीही हेच घडते. घामोळे अनेक दिवस टिकते. या गांधी बहुधा तासाभरात विरतात.

आमसुलाचे पाणी लावण्याची आपली जुनी रीत आहे. मात्र वैद्यकीय उपचारात प्रथम सेटिरिझिनसारखी हिस्टामिनरोधक औषधे दिली जातात. व्यायाम हळूहळू वाढवल्यासही अनेकांचा त्रास घटतो.

परंतु ओठ सुजणे, श्वास कोंडणे वा भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काहींना गहू किंवा कोळंबी खाऊन काही तासांत व्यायाम केल्यासच हा जीवघेणा झटका येतो. एरवी तेच अन्न त्यांना बाधत नाही.