दुबईला कुटुंब नेताना

रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांत कर्ता माणूस आखातात आणि बायको-मुलं गावात, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, नर्स, अकाउंटंटही दुबई-शारजाची वाट धरतात. नोकरीत जरा स्थिरावलं, की घरच्यांना कधी नेता येईल हा विचार सुरू होतो. संयुक्त अरब अमिरातीत यासाठी आधी पगार पाहिला जातो, हे खरं. पण गाडी अडते ती बहुधा आपल्याच गावातून न्यायच्या कागदांवर.

पगाराची अट सरळ आहे. दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय. पूर्वी अर्जदाराचा हुद्दाही पाहिला जाई. २०१९पासून मिळकतीला महत्त्व आलं. पण ही अर्ज करण्याची पात्रता झाली, संसार चालवण्याचा हिशेब नव्हे. बेडस्पेसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेवर, दिवस काढणाऱ्याला आधी स्वतःच्या नावाचं घर घ्यावं लागतं. दुबईत त्या भाडेकराराची ‘इजारी’ नोंदणी लागते. त्यावर मुलांच्या शाळेची फी आणि आरोग्य विमा. दुबईत कुटुंबाचा विमा उतरवणं ही बोलावणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

आता कागद. पत्नीसाठी विवाहाचा दाखला आणि मुलांसाठी जन्मदाखला, हे दोन मुख्य. लग्नपत्रिका, फोटो किंवा नुसता निकाहनामा पुरत नाही. महाराष्ट्राच्या १९९८च्या विवाहनोंदणी कायद्यानुसार ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी झालेली हवी. लग्नाला वर्षं उलटली असली तरी उशिराची नोंदणी करता येते. मग दाखल्याचा प्रवास सुरू होतो: आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचं, त्यानंतर अमिरातीच्या भारतातल्या दूतावासाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं. दाखला अरबीत नसेल तर अधिकृत भाषांतरही करून घ्यावं लागतं. भारत २००५पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्यामुळे युरोपातल्या बहुतेक देशांत आपल्या दाखल्यावर अपोस्टिलचा एक शिक्का पुरतो. अमिरात त्या करारात नाही, म्हणून ही सगळी साखळी. एजंट नुसतं अपोस्टिल करून देत असेल, तर पैसे देण्याआधी हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडची खास अडचण नावांची. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव आणि विवाहाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग! लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असं नाही. पण जे ठेवाल ते सगळीकडे एकच हवं. काही जन्मदाखल्यांवर तर बाळाचं नावच नसतं. ते नंतर जन्मनोंदणी कार्यालयातून भरून घेता येतं. हे काम तिकीट काढायच्या आधी उरका.

तिथे पोचल्यावर अठरा वर्षांवरच्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि एमिरेट्स आयडी निघतो. अविवाहित मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत आश्रित म्हणून राहू शकतो, अविवाहित मुलीला वयाची अट नाही. मात्र बाळंतपण किंवा आजारपणासाठी गावी आलेल्या पत्नीने एक गोष्ट जपावी: सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास साधारणपणे रहिवासी परवाना बाद होतो. आई-वडिलांसाठी अटी बऱ्याच कडक आहेत. पगाराची मर्यादा कितीतरी वरची, परवाना एकेका वर्षाचा, आणि ते आपल्यावरच अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हातारपणी त्यांना जवळ ठेवू, या भरवशावर गावचं घर मोडण्याची घाई करू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की साऱ्या कुटुंबाचा मुक्काम एकाच माणसाच्या नोकरीवर टांगलेला असतो. ती सुटली तर आधी आश्रितांचे परवाने रद्द करावे लागतात, मग स्वतःचा. नंतर मिळते ती ठरावीक सवलतीची मुदत. मुलाची शाळा भर वर्षात सुटण्याची वेळ तेव्हाच येते. म्हणून काही महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय कुटुंबाला नेऊ नये, आणि पत्नीची पदवी-प्रमाणपत्रंही त्याच वेळी प्रमाणित करून घ्यावीत. तिला तिथे वर्क परमिटवर काम करता येतं, घराला दुसरा आधार मिळतो.

नियम आणि शुल्क बदलत असतात. अर्जाच्या दिवशी तिथल्या सरकारी संकेतस्थळावरची माहितीच खरी माना, ओळखीच्याच्या सांगण्यावर विसंबू नका. घरातलं कोणी परदेशी निघालं असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत कपाटातले सगळे दाखले बाहेर काढा आणि नावं ताडून पाहा. विवाहनोंदणी राहिली असेल, तर सुट्टी संपताच ती आधी करून घ्या.