लातूर पॅटर्न, पण गोल-गोल!

‘लातूर पॅटर्न’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात सराव परीक्षा आणि गुणवत्ता यादी. आज मात्र लातूरचाच पॅटर्न करू या, तोही फिरता. तयार?

माहीत आहे का, लातूर स्टेशनात इंटरनेट दडलंय! रेल्वेचा कोड आहे एल-यू-आर. पुढचा ‘एल’ उचला, मागे नेऊन ठेवा. यू-आर-एल! ब्राउझरच्या पट्टीत असतं तेच.

मग नांदेडच्या एन-ई-डीमधून ई-एन-डी निघेल? अजिबात नाही! फिरवून मिळतं फक्त ई-डी-एन आणि डी-एन-ई. नियम कडक आहे: माळ कितीही फिरवा, मण्यांचा क्रम मोडायचा नाही. थोडक्यात काय, नांदेडला ‘एंड’च नाही!

आता खरी जादू. एक शब्द दुसऱ्याला फिरवून झालाय का, हे कसं ओळखायचं? एकेक अक्षर सरकवत बसू नका. शब्द सलग दोनदा लिहा. ‘चहाचहा’. मधोमध बघा, ‘हाच’! ‘मकामका’मध्ये ‘काम’. ‘सडासडा’मध्ये चक्क ‘डास’! दोन्ही शब्दांची लांबी सारखी असली आणि दुसरा या जोडीत सापडला, की काम फत्ते. आणि ‘लातूरलातूर’मध्ये? ‘तूरला’! तुरीच्या बाजारासाठी नावाजलेल्या गावाच्या नावातच तूर. (व्याकरणात ‘तुरीला’ हवं, पण आज जरा चालवून घ्या.) सगळ्या अल्गोरिदममध्ये माझी सर्वांत लाडकी युक्ती हीच, शब्द दोनदा लिहिण्याची.

शब्द लाखभर अक्षरांचा असला तर? जोडीत तो पटकन शोधायला नुथ, मॉरिस आणि प्रॅट या तिघांचा १९७७चा अल्गोरिदम आहे. शोधताना मजकुरावरचं बोट कधीच मागे न्यावं लागत नाही. चुकलं तरी पुढेच! आणि जाडजूड मजकुरात एखाद्या पॅटर्नची कुठलीही फिरलेली आवृत्ती शोधायची असेल, तर दुप्पट केलेल्या पॅटर्नच्या सगळ्या तुकड्यांचा नकाशा आधी बनवतात. त्याला म्हणतात सफिक्स ऑटोमॅटन. मग मजकूर एकदाच वाचायचा, बस्स.

पण हे लागतं कुणाला? नांदेडचं डी-एन-ई आठवतंय? एका अक्षरानं डीएनए हुकला! आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गोल असतो, साधारण १६,५६९ अक्षरजोड्यांची बांगडी. बांगडीला सुरुवात कुठे असते? माणसानं ठरवली तिथे. बॅक्टेरियातल्या प्लास्मिड नावाच्या गोल डीएनएचंही तसंच: दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या जागेपासून लिहिलं, की एकच प्लास्मिड फाइलमध्ये दोन वाटतात. मग फिरवून जुळवा!

आकडेही फिरतात बरं का. १४२८५७ ला २ ने गुणा: २८५७१४. ३ ने गुणा: ४२८५७१. पार ६ पर्यंत तेच आकडे गोल फिरतात. आणि हीच संख्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावाच्या ‘कापरेकर संख्यां’मध्येही बसते! वर्ग २०४०८१२२४४९. तोडा: २०४०८ अधिक १२२४४९. बेरीज? पुन्हा १४२८५७!

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी बरोज आणि व्हीलर यांनी फाइल लहान करण्यासाठी मजकुराच्या सगळ्या फिरक्या शब्दकोशाच्या क्रमानं लावून फक्त शेवटची अक्षरं उतरवून घेण्याची पद्धत जाहीर केली. सारखी अक्षरं शेजारी येतात, मग फाइल आक्रसणं सोपं होतं.

शेवटचा प्रश्न: ‘लातूर’मध्ये अक्षरं किती? तीन म्हणालात ना? संगणकाच्या युनिकोडला दिसतात पाच: ल, काना, त, दीर्घ ऊकार, र. ‘नांदेड’ तर सहा! संगणकानं ‘लातूर’ एका घरानं फिरवलं, की काना उघडा पडतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा राहतो. म्हणून मराठीत फिरवायचं तर काना-मात्रेनं आपलं अक्षर घट्ट धरायचं. मग बघा: नांदेड, देडनां, डनांदे... आणि आलं परत नांदेड!