वऱ्हाडातील सातवाहनांची पोटिन नाणी : संग्रह आणि पुरावा

सातवाहनांच्या इतिहासाची प्रमुख साधने तीन : लेण्यांतील शिलालेख, पुराणांतील राजवंशावळ्या आणि नाणी. यांपैकी लेखांचा व पुराणांचा अभ्यास पूर्वीपासून होत आला. हलक्या धातूच्या नाण्यांकडे मात्र बाजारात मोल नसल्याने संग्राहकांचे लक्ष उशिरा गेले. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर या राजवंशाच्या अखेरच्या पर्वावर सर्वाधिक प्रकाश पडला आहे तो याच उपेक्षित नाण्यांमुळे.

खामगावच्या आग्नेयेस, मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळे येथे १९३९ साली सुमारे १६०० नाण्यांचा एक निधी सापडला. हे गाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशिम जिल्ह्यात मोडते. सर्व नाणी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन करून ते १९४० मध्ये भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांची नाणी त्यात होतीच. पुराणांत ज्याचे नाव येते त्या विजय सातकर्णीचीही मिळाली. परंतु सर्वांत महत्त्वाची ठरली ती कुंभ, कर्ण व शक सातकर्णी या राजांची मोजकी नाणी. पुराणांच्या याद्यांत हे तिघे नाहीत. हा निधी एखाद्या भट्टीत वितळला असता तर ही नावे इतिहासास मुकली असती.

या नाण्यांच्या दर्शनी बाजूस सोंड उंचावलेला हत्ती असून त्याभोवती ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख असतो. मागील बाजूस चार वर्तुळे जोडणारे ‘उज्जयिनी चिन्ह’ असते. चकती लहान व ठसा मोठा असल्याने लेखाचा काही भाग बहुधा चकतीबाहेर राहतो. एका नाण्यावर ‘रञो सिरि’ एवढेच दिसते, दुसऱ्यावर केवळ ‘सातकणिस’. व्यक्तिनामाची अक्षरे तिसऱ्यावर सापडतात. म्हणून अशा नाण्यांचे वाचन एकेकट्याने होत नाही. एकाच जातीची अनेक नाणी शेजारी ठेवून, एकाचा तुटलेला लेख दुसऱ्याने पुरा करीत, संपूर्ण नाम सिद्ध करावे लागते. निधी फुटून नाणी दहा घरी गेली की हा मार्गच बंद होतो.

तुलनेसाठी अरबस्तानच्या उत्तर सीमेवरील नबाती राज्याची नाणी पाहण्यासारखी आहेत. सातवाहनांच्या समकालीन असलेल्या चौथ्या अरेटास राजाच्या (इ. स. पू. ९ ते इ. स. ४०) कांस्य नाण्यांवर राजा व राणी यांची मुखे आणि दोघांची नावे असतात; रौप्य नाण्यांवर तर राज्यवर्षही असते. असे नाणे मूळ स्थानापासून तुटले तरी आपला राजा व काळ सांगते. सातवाहनांच्या पोटिन नाण्यांवर मुख नाही आणि वर्षही नाही. त्यांचा क्रम व प्रदेश ठरतो तो प्राप्तिस्थान व सहवास यांवरूनच. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या १३,२५० रौप्य नाण्यांनी हेच दाखविले : त्यांतील ९,००० हून अधिक नहपानाची नाणी गौतमीपुत्राने पुन्हा ठसे मारून चालविलेली होती. नहपानाच्या पराभवाची व्याप्ती निधी एकत्र राहिल्यामुळेच कळली.

खामगाव ही चांदीच्या व्यापाराची प्रसिद्ध पेठ आहे. जुना धातू अशा पेठेत येतो तेव्हा त्याची पारख वजनावर होते, आणि वजनाच्या हिशेबात पोटिनला जवळजवळ किंमत नाही. याच प्रदेशात, पूर्णेच्या खोऱ्यातील भोन (ता. संग्रामपूर) येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात प्रारंभिक ऐतिहासिक काळातील वसाहत व स्तूप उजेडात आले आहेत. शेतातून निघणारे एखादे नाणे अशा वसाहतीचा माग देऊ शकते. त्यासाठी ते कोठे निघाले हे मात्र लिहिलेले असावयास हवे.

तेव्हा संग्राहकाची पहिली सामग्री वही ही होय. गाव, शेत किंवा नदीकाठ, प्राप्तीची तारीख, सोबत मिळालेली नाणी वा खापरे, वजन व व्यास यांची नोंद नाणे हाती येताच करावी. चिंचेने अथवा आम्लाने घासू नये. त्याने लेखाची उरलेली अक्षरेही जातात. भुरकट हिरवी पूड धरू लागल्यास नाणे इतरांपासून वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे व जाणकाराकडे द्यावे. कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी : १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत.

कुंभ, कर्ण व शक हे तीन राजे आज इतिहासात आहेत, कारण तऱ्हाळ्याचा निधी अभ्यासकाच्या हाती एकत्र आला. नोंद नसलेले नाणे संग्रहात भर घालते. नोंद असलेले नाणे ज्ञानात भर घालते. नव्या अभ्यासकाने आपला संग्रह या दुसऱ्या कसोटीवर पारखावा.