गवतकापणी : जुना ट्रॅक्टर आणि नवें यंत्र

गवत कापणें हें काम दिसावयास सोपें. परंतु तें कोणत्या यंत्रानें करावें याविषयीं इंग्लंड-अमेरिकेंतील शेतकऱ्यांत आजही दोन पक्ष आहेत. आजोबांच्या वेळच्या ट्रॅक्टरास मागें पातें जोडून काम भागवावें, असें एक पक्ष म्हणतो. हिरवळीसाठीं म्हणून बनविलेलें नवें यंत्र घ्यावें, असें दुसरा म्हणतो. आपल्याकडेही दारांत जुना ट्रॅक्टर उभा आणि बागेंत गवत माजलेलें, अशी स्थिति ज्यांची असेल त्यांनीं या वादाचें मर्म समजून घेणें हिताचें आहे.

या दोन यंत्रांचें कूळच निराळें. हिरवळीचें यंत्र इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत जन्मास आलें. लोकरी कापडावरील तंतु कातरून तें सारखें करणारें यंत्र तेथील गिरण्यांत चालत असे. त्याच तत्त्वावर एडविन बडिंग या कारागिरानें गवत कातरण्याची युक्ति काढली व १८३० सालीं तिचें पेटंट घेतलें. तोंपर्यंत श्रीमंतांच्या बागांतील हिरवळ मजूर लांब दांड्याच्या विळ्यानें कापीत. ट्रॅक्टराचा जन्म मात्र नांगरासाठीं. १९४७ ते १९५२ पर्यंत निघालेला फोर्ड कंपनीचा ८-एन हा या जुन्या ट्रॅक्टरांचा नमुना होय. असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले, व त्यांपैकीं पुष्कळ अद्यापि चालू आहेत. हॅरी फर्ग्युसन यांनीं योजिलेली तीन सांध्यांची उचल त्यास असल्यानें नांगर काढून त्या जागीं गवताचें पातें चढविण्यास वेळ लागत नाहीं.

प्रथम कामाचा हिशेब पाहूं. पात्याची रुंदी फुटांत व चाल तासाला मैलांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, आणि त्यास सव्वाआठांनीं भागावें. म्हणजे तासाला किती एकर होतील तें निघतें. ५ फुटी पात्यानिशीं ट्रॅक्टर ३ मैलांनीं चालला तर १.८ एकर. मागून चालत ढकलण्याचें २१ इंची यंत्र त्याच चालीनें ०.६ एकर. बसून चालविण्याचें ५ फुटी नवें यंत्र सपाट हिरवळीवर ६ मैलांनीं गेलें तर ३.६ एकर. वळणांत जाणारा वेळ यांतून वजा करावा.

परंतु खरा भेद एकरांत नसून वेगांत आहे. जुन्या ट्रॅक्टरांत चाकें व मागील फिरता दांडा, ज्यास पी. टी. ओ. म्हणतात, हीं दोन्ही एकाच क्लचवर व एकाच गिअर-बॉक्सवर अवलंबून असतात. हा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो तेव्हां पातें नीट कापतें. पण त्या वेळीं ट्रॅक्टर पहिल्या गिअरांतही सुमारें ३ मैलांनीं पुढें जातो. गवत दाट लागलें म्हणून चाल कमी करावी, तर पात्याचा वेगही कमी होतो व गवत कापलें न जातां आडवें पडतें. नव्या यंत्रांत तेलाच्या दाबावर चाकें फिरवितात. त्यामुळें पातें पूर्ण वेगांत ठेवून मुंगीच्या पावलानें जातां येतें. हिरवळ गालिच्यासारखी दिसते ती यामुळें.

याच एका दोषांतून दुसरा, अधिक भयंकर दोष उत्पन्न होतो. फिरतें जड पातें आपल्या ठायीं वेग सांठवून ठेवतें. चालकानें क्लच दाबला म्हणजे इंजिनाचा जोर सुटतो, पण पात्याचा सुटत नाहीं. तो दांड्यावाटे उलट गिअर-बॉक्सांत शिरून मागील चाकें पुढें रेटीत राहतो. क्लच दाबला, आतां ट्रॅक्टर थांबेल, असें मनुष्य समजतो, आणि ट्रॅक्टर पुढेंच सरकतो. समोर विहीर, बांध किंवा खेळणारें मूल असेल तर काय होईल तें सांगावयास नको. यावर उपाय स्वस्त आहे. सायकलीच्या मागील चाकांतील फ्री-व्हीलप्रमाणें एकाच दिशेनें जोर पोंचविणारा जोड या दांड्यावर बसवितात. पातें फिरत राहिलें तरी त्याचा जोर चाकांपर्यंत येत नाहीं.

याखेरीज ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचा जीव वांचविणारा लोखंडी सांगाडा जुन्या ट्रॅक्टरांस नसतो. स्वीडन देशांत १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांस तो कायद्यानें सक्तीचा झाला. मागें जड पातें टांगून चढ चढतांना पुढील चाकें उचललीं जातात, हें ध्यानांत ठेवावें. फिरत्या दांड्यावर आच्छादन नसेल तर तें आधीं बसवावें. सेकंदास ९ फेरे घेणाऱ्या दांड्यांत धोतराचा सोगा गुंतल्यावर ओढून घेण्यास अवसर मिळत नाहीं.

मग घ्यावें तरी कोणतें? घराभोंवतालच्या हिरवळीस नवें यंत्रच योग्य. मात्र एका वेळीं गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा, म्हणजे मुळांचें बळ टिकतें. पुरुषभर गवतांत तें यंत्र अडून बसतें. वर्षांतून एकदां-दोनदां साफ करावयाचें रान किंवा झाडांच्या ओळींमधील माजलेलें गवत यांस जुना ट्रॅक्टर पुरेसा आहे. परंतु ओल्या जमिनींत तो घालूं नये, त्याच्या भारानें माती दडपते. वैरण करावयाची असेल तर फिरत्या पात्याऐवजीं दांतेरी पट्टीचें यंत्र जोडावें. तें काडी अखंड ठेवतें, व अखंड काडी वाळविण्यास व गंजी रचण्यास सोयीची पडते. हिरवळीच्या यंत्रांतून निघालेला ओला बारीक चुरा ढीग केल्यास तापतो व आंबतो. तो जनावरांपुढें टाकूं नये.

ज्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे त्यांनीं पातें जोडण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. ट्रॅक्टर सपाट जागीं ब्रेक लावून, गिअर काढून उभा करावा. दांडा चालू करून दूर उभ्या असलेल्या मनुष्यास त्याकडे पाहण्यास सांगावें आणि क्लच हळूहळू दाबावा. अर्ध्या दाबावर दांडा फिरत राहून पूर्ण दाबावरच थांबला तर क्लच दुहेरी आहे. एकाच टप्प्यांत थांबला तर तो एकेरी समजावा, आणि वर सांगितलेला जोड बसविल्याखेरीज त्या ट्रॅक्टरास पातें लावूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.