सत्तर पानांचा पुडा आणि मनगटातला बोगदा

डावा हात टेबलावर ठेवा. उजव्या हाताने त्याचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि पेटी वाजवताना हलवतात तशी डाव्या हाताची बोटं हलवा. काय जाणवलं? हलतायत बोटं, पण वळवळतंय कोपरापाशी!

गंमत अशी की बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतोच. काही छोटे स्नायू तळहातात, पण खरे दांडगे कोपराखाली. तिथून कंडरा नावाच्या चिवट दोऱ्या निघतात आणि कळसूत्री बाहुलीसारखी बोटं नाचवतात. वाटेत मनगटात एक चिंचोळा बोगदा लागतो, जेमतेम अंगठ्याच्या जाडीचा. त्यातून 9 कंडरा जातात, आणि त्यांच्या गर्दीत अंग चोरून एक मज्जातंतू.

आता मे महिन्यातल्या गडचिरोलीत चला. भामरागड असो की कुरखेडा, पहाटेच घरची माणसं तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. घरी आल्यावर सावलीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात 70 पानं. मोजायची, देठ जुळवायचे, दोरीने आवळायचं की पुढचा पुडा. शंभर पुडे झाले म्हणजे 7000 पानं बोटांखालून गेली!

एका पानाला वजन ते किती? पण दुखणं वजनातून येत नाही, त्याच त्या हालचालीतून येतं. कंडरांभोवतीची बुळबुळीत आवरणं घासून घासून सुजतात. बोगदा काही रुंद होत नाही. मग चिमटा बसतो बिचाऱ्या मज्जातंतूला, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. करंगळी मात्र मजेत! तिचा मज्जातंतू या बोगद्यातून जातच नाही.

हे दुखणं मोबाइलने आणलं असं कुणी म्हणालं तर त्यांना रामाझिनींचं नाव सांगा. या इटालियन डॉक्टरांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. दिवसभर बोरू चालवणाऱ्या कारकुनांचे हात का दुखतात, हे त्याच्या 1713 सालच्या वाढवलेल्या आवृत्तीत आहे. सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होईल या धास्तीचा मनावरचा ताण, अशी तीन कारणं त्यांनी दिली. तिसरं कारण मला फार आवडतं. धास्तावलेला माणूस पेनसुद्धा गळा दाबल्यागत धरतो. परीक्षेत स्वतःकडे बघा.

पावसाळ्यात पाळी पाठीची. रोवणीला बाया बांधीत तासन्‌तास ओणव्या असतात. पूर्ण वाकलं की कमरेचे स्नायू चक्क काम थांबवतात आणि भार हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर येतो. ते हळूहळू ताणून सैल पडतात आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतात. म्हणून बांधीतून वर आल्या आल्या पऱ्ह्यांचा भारा उचलू नये. आधी जरा उभं राहावं, चार पावलं चालावं. आपल्या जिल्ह्यात पाठीची दुखणी एवढी, की शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या दवाखान्यात मुंबईहून डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी मणक्याचे रुग्ण तपासायला येत आले आहेत.

मग करायचं काय? आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, सैल सोडला की फिरतं. खांदे कानांपर्यंत उचला, श्वास घ्या, आणि धप्पकन सोडा. मूठ वळा, मग बोटं सावकाश पसरा. दुखेपर्यंत ताणायचं नाही हं. पहिलवानकी इथे कामाची नाही. लिहिताना मनगट सरळ ठेवा, मोबाइल डोळ्यांसमोर धरा म्हणजे मान लोंबणार नाही. आई-आजी पुडे बांधत असतील तर थोड्या थोड्या वेळाने त्यांनाही हात मोकळे करायला लावा. मध्येच पाणी नेऊन दिलंत तर आपोआप थांबतील!

आणि आजीला रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर नुसतं तेल चोळत बसू नका. आशाताईंना सांगा आणि आजीला दवाखान्यात घेऊन जा. कोणत्या बोटांना मुंग्या येतात, ते आधीच विचारून ठेवा. डॉक्टर तेच विचारणार आहेत.