उपाशी पोट, तहानलेलं अंग आणि दुखण्यावरची गोळी

दसरा उलटला की दौंड-शिरूरकडे भीमा आणि घोड नदीच्या काठच्या शिवारांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. बीड, जालना, पाथर्डी-शेवगावकडून आलेली जोडपी फडाच्या कडेला कोप्या घालतात आणि पहाटेच्या अंधारातच तोडीला लागतात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. पाटस, आलेगाव, न्हावरे अशा कारखान्यांच्या परिसरात हे दृश्य नवं नाही. या कामात कंबर, मान आणि गुडघ्यांचं काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. खाडा केला तर पैसे कापले जातात. मग गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर हात पुढे होतो, "अंगदुखीच्या दोन द्या."

हीच मागणी इतरांचीही असते. रांजणगावच्या एमआयडीसीत पूर्ण शिफ्ट उभं राहून आलेला पोरगा, कांदाकाढणीला गेलेली बाई, केडगावच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, आषाढवारीत यवत-वरवंडच्या टप्प्यात पाय सुजलेला वारकरी, सगळ्यांना तीच गोळी लागते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही तिची घराण्यातली नावं. व्होव्हेरान, कॉम्बिफ्लाम, झेरोडॉल ही दुकानातली. गोळी वाईट नाही. सुजेवर आणि दुखण्यावर ती खरोखर गुण देते आणि योग्य माणसाने दोन-चार दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती कोणत्या अंगात जाते, यावर तिचं बरंवाईट ठरतं. आणि आपल्या भागात ती नेमकी उपाशी पोटात आणि तहानलेल्या अंगात जाते.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. मार लागला किंवा सांधा सुजला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी दुखणं आणि सूज वाढते. ॲस्पिरिनसारखी औषधं या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवून दिलं आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पण ही द्रव्यं फक्त दुखवत नाहीत. जठराच्या आतलं संरक्षक अस्तर त्यांच्यामुळे टिकतं आणि किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी गरजेच्या वेळी त्यांच्यामुळे उघडी राहते. कालव्याचं आवर्तन कमी दाबाने सुटलं की आपण चारीचं दार पूर्ण वर उचलतो, तेव्हा कुठे शेवटच्या वावरात पाणी पोचतं. घाम गाळून अंगातलं पाणी आटलं की किडनी तेच करते. अशा वेळी पोटात गेलेली गोळी ते दार खाली पाडते. भरपूर पाणी प्यायलेल्या, तरण्याताठ्या माणसाला हे कळतही नाही. उन्हात आठ तास तोड केलेल्याच्या किडनीला मात्र ते सोसेलच असं नाही.

तोडीवरच्या बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे. फडावर आडोसा नसतो, शौचालय नसतं, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. त्यात पाळीची पोटदुखी असली की मेफेनॅमिक ॲसिडची, म्हणजे मेफ्टालसारखी गोळी. तीही याच घराण्यातली. या औषधाने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला आहे.

ऊस, ऊन आणि तहान एकत्र आली की काय होऊ शकतं, हे दुसरीकडे दिसलं आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत उसाच्या मळ्यांवर काम करणारे ऐन तारुण्यातले पुरुष किडनी निकामी होऊन मरू लागले. त्यांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. डॉक्टरांनी 2002 च्या सुमारास हे नोंदवायला सुरुवात केली. नेमक्या कारणांवर अजून अभ्यास चालू आहे, पण उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि अंगातलं पाणी आटणं यांवर बोट ठेवलं गेलं आहे. वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालत असाव्यात, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. तिथल्या काही मळ्यांवर पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विश्रांती देण्याचे कार्यक्रम सुरू झाले. आपला ऊसही त्याच उन्हात तोडला जातो.

या गोळीने किडनी कशी जाते याचा सर्वांत भयंकर पुरावा मात्र माणसांचा नाही, गिधाडांचा आहे. जनावराला ताप आला, कास सुजली की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचायची पद्धत 1990 च्या दशकात देशभर पसरली. असं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडत आणि युरिक ॲसिडचा पांढरा थर त्यांच्या अवयवांवर साचे. पाकिस्तानात झालेलं हे संशोधन 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली होती. सरकारने 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरची करावी लागली. 2023 मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. दौंड-शिरूरच्या घरोघरी गाई आहेत. जनावराला दुखण्यावर मेलॉक्सिकॅम चालतं, ते गिधाडांनाही सुरक्षित आहे. आपल्यासाठी आणलेलं इंजेक्शन गाईला देऊ नका.

आता घरातल्या डब्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्यांत मोठा घोटाळा इथेच होतो. पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सगळे वाचतात, खालची बारीक ओळ कुणी वाचत नाही. कॉम्बिफ्लामच्या पट्टीवर लिहिलेलं असतं आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. झेरोडॉल-पीच्या पट्टीवर एसिक्लोफिनॅक 100 आणि पुन्हा पॅरासिटामॉल 325. डोक्यासाठी एक, कंबरेसाठी दुसरी आणि कणकणीसाठी डोलो 650 असं एकाच दिवशी झालं, तर माणसाला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली. प्रत्यक्षात सुजेवरची दोन औषधं एकमेकांवर चढली, गुण काही दुप्पट झाला नाही, जठर आणि किडनीवरचा भार मात्र वाढला. आणि पॅरासिटामॉल तीन वाटांनी पोटात गेलं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल नको, लिव्हर जातं. दारू पिणाऱ्याने तर त्याहून खूप अलीकडे थांबावं.

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आयबुप्रोफेनची मर्यादा दिवसाला 1200 मिलिग्रॅम, म्हणजे 400 च्या तीन गोळ्या. जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर, एका वेळी या घराण्यातली एकच गोळी आणि तीही मोजके दिवस. चार-पाच दिवसांत दुखणं हटलं नाही तर गोळी बदलण्यापेक्षा दुखण्याचं कारण शोधायला हवं.

काहींनी मात्र ती विचारल्याशिवाय घेऊच नये. अल्सर होऊन गेलेले, दम्याचे, हृदयविकाराचे आणि किडनीचे रुग्ण यांत येतात. गरोदर बाईला विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी गर्भाच्या किडनीला धोका असतो, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये बजावलं. आणखी एक गट आहे आणि तो प्रत्येक वाड्यावस्तीवर आहे. सासऱ्यांना रक्तदाबासाठी टेल्मा-एच चालू असते. तिच्यात आधीच दोन औषधं आहेत, एक रक्तदाबाचं आणि एक लघवी वाढवणारं. त्यावर गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक आलं की तिन्ही मिळून किडनीला घेरतात, शिवाय रक्तदाबही आटोक्यात राहत नाही. इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, घेणाऱ्याने सोबत आयबुप्रोफेन घेतलं तर इकोस्प्रिनचा हृदयाला होणारा फायदा कमी होऊ शकतो. अशा माणसाच्या गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल चोळणं बरं. ते रक्तात गोळीच्या मानाने फारच थोडं उतरतं.

पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर फक्त पॅरासिटामॉल. प्लेटलेट उतरलेल्या असताना सुजेवरची औषधं रक्तस्राव वाढवतात. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे. आणि आठवडी बाजारात मिळणारी, सुट्या गोळ्यांची किंवा भुकटीची "सांधेदुखीची पुडी" घरात आणूच नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ते वेदनाशामकाबरोबर पोटात गेलं की अल्सर फुटायला वेळ लागत नाही. काळी, डांबरासारखी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी कमी होणं, पायावर सूज, छातीत दुखणं यांतलं काहीही दिसलं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जाणारे आईवडील आता आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांच्या बॅगेत ओळखीच्या गोळ्यांची पिशवी असतेच. आपल्याकडे कायद्याने डायक्लोफिनॅक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं, पण काउंटरवर चिठ्ठी फारसं कुणी मागत नाही. ब्रिटनमध्ये 2015 च्या जानेवारीपासून हृदयाच्या धोक्यामुळे डायक्लोफिनॅकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. तिथल्या सुपरमार्केटात पॅरासिटामॉलच्या पाकिटात 16 च गोळ्या असतात. अमेरिकेत डायक्लोफिनॅकची गोळी चिठ्ठीवर मिळते, जेल 2020 पासून सरळ दुकानात मिळतं आणि निमेसुलाइडला तिथे कधी परवानगीच मिळाली नाही. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन या नावाने विकतात आणि सर्दीच्या कितीतरी औषधांत ते मिसळलेलं असतं.

अशा प्रवासात खरा धोका ट्रॅमाडॉलचा. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यावर अल्ट्रासेटसारख्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. त्यांत ट्रॅमाडॉल असतं आणि भारतानेही 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. दुबईसह आखाती देशांत ते नियंत्रित औषध आहे. इजिप्तमध्ये 2017 साली पिशवीत ट्रॅमाडॉलच्या 290 गोळ्या सापडल्या म्हणून एका ब्रिटिश पर्यटक महिलेला तीन वर्षांची कैद झाली. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक गोळीच्या पट्टीवरची बारीक ओळ वाचा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन दिसलं तर त्या देशाच्या दूतावासाचे नियम पाहा, गरज असेल तर आधी परवानगी काढा. गोळ्या मूळ पट्टीतच न्या, डबीत सुट्या ओतू नका. सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र हवं आणि त्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. अमेरिकेला जाताना तीन महिने पुरेल एवढंच औषध न्यावं.

आपल्याकडे औषधाने त्रास झाला तर 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर सामान्य माणूसही नोंद करू शकतो. नोंदीसाठी डॉक्टरांची गरज नाही. गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या प्रत्येकाने रक्तदाब तपासावा आणि क्रिएटिनिनची साधी रक्तचाचणी करून घ्यावी. मुकादमांना, गुऱ्हाळमालकांना आणि ज्यांच्या वावरात तोड चालते त्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. फडावर पिण्याच्या पाण्याचा पिंप ठेवा, बायकांसाठी चार बांबूंना साडी गुंडाळून का होईना आडोसा करा आणि कुणी गोळी मागितली तर आधी विचारा, सकाळपासून पाणी किती प्यायलात आणि काही खाल्लंय का.